'२२ जून १८९७': चित्रपटाबद्दल आणि त्यामागच्या इतिहासाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मित्रमंडळींना हा चित्रपट दाखवला की दिवे लागल्यावर साधारण हेच प्रश्न येतात. बहुतेक प्रश्न चित्रपटाचे कमी आणि प्लेगच्या पुण्याचे जास्त असतात. म्हणून उत्तरेही त्याच प्रमाणात दिली आहेत.

चित्रपट नेमका कशाबद्दल आहे?

१८९७ साली पुण्यात प्लेग आला. तो आटोक्यात आणण्यासाठी सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला नेमले आणि त्याच्या हाताखाली गोरे सैनिक दिले. घराघरांत शिरून झडत्या झाल्या, लोक संतापले. चिंचवडच्या चापेकर कुटुंबातल्या भावांनी रँडला मारायचे ठरवले आणि राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याच्या समारंभाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याला गोळी घातली. पुढे फितुरी, अटक, फितुरांचे खून आणि फाशी. गोष्ट एवढीच, आणि मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ती दोन ओळींत माहीत असते. चित्रपट त्या दोन ओळींच्या मधली जागा भरतो.

कोणी काढला? कोण कोण आहे त्यात?

जयू आणि नचिकेत पटवर्धन या जोडीने १९७९ मध्ये. दोघेही वास्तुरचनाकार, आणि ते पडद्यावर कळते. वाड्यातले खण, जिने, ओसरी, चौक यांना या चित्रपटात पात्रांइतकेच महत्त्व आहे. संवाद विजय तेंडुलकरांचे. पटकथेच्या कामात शंकर नाग होते, हे ऐकून कन्नड चित्रपट पाहणारे नेहमी चमकतात. दामोदर चापेकरांच्या भूमिकेत प्रभाकर पाटणकर आहेत. रवींद्र मंकणी आणि उदयन दीक्षित हेही प्रमुख भूमिकांत आहेत.

आणि हो, लोकमान्य टिळक झालेले ते सदाशिव अमरापूरकरच. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी पाहून वाढलेल्या पिढीला पगडी-उपरण्यातला हा माणूस ओळखायला थोडा वेळ लागतो.

पुरस्कार मिळाले का?

राष्ट्रीय एकात्मतेवरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि कलादिग्दर्शनाचाही राष्ट्रीय पुरस्कार. दुसरा अगदी योग्य जागी गेला. पहिल्याबद्दल मला थोडे आश्चर्य वाटते, कारण चित्रपट एकात्मतेबद्दल काही बोलतच नाही. उलट पुणेकर आपसांत किती दुभंगलेले होते हेच त्यात दिसते.

नाव म्हणून नुसती तारीख का?

कारण ती तारीख मुळात सरकारने उत्सवासाठी ठरवलेली होती, चापेकरांनी आपल्या कामासाठी तीच उचलली. २२ जून १८९७, मंगळवार, हा साऱ्या साम्राज्यात हीरकमहोत्सव साजरा करण्याचा दिवस. पुण्यात गव्हर्नरच्या गणेशखिंडीतल्या बंगल्यावर मेजवानी होती, आसपासच्या टेकड्यांवर आनंदाच्या होळ्या पेटवल्या होत्या. शहरात काही आठवड्यांपूर्वीपर्यंत घरे रिकामी केली जात होती, सामान जाळले जात होते. त्याच शहराच्या कडेला रोषणाई. या विरोधाभासावर भाष्य करायची गरजच नाही, तारीख सांगितली की पुरे. सरकारने उत्सव म्हणून नोंदवायला काढलेला दिवस पुण्याने वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवला.

प्लेग पुण्यात आला कसा?

मुंबईतून. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मुंबईच्या मांडवी भागात रोग ओळखला. घाबरलेले लोक मिळेल त्या गाडीने मुंबई सोडू लागले, आणि रेल्वेच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणजे पुणे. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा मंजूर झाला. अवघ्या काही कलमांचा कायदा, पण सरकारला साथ थांबवण्यासाठी जवळजवळ काहीही करायची मुभा देणारा. त्याच महिन्यात रँड पुण्यात आला. त्याच्या प्लेग समितीत आणखी दोघे होते, लेफ्टनंट कर्नल फिलिप्स आणि सर्जन कॅप्टन बेव्हरिज. मार्चच्या मध्यापासून झडत्या सुरू झाल्या, त्या १९ मेपर्यंत चालल्या. कामाला आठशेहून अधिक अधिकारी आणि शिपाई होते, त्यांत डरहॅम लाइट इन्फन्ट्रीचे गोरे सोजीर.

झडत्यांमध्ये खरोखर काय होत होते? चित्रपटात अतिशयोक्ती आहे का?

नाही. मला तर उलट वाटते, चित्रपट हात राखून दाखवतो.

पद्धत अशी. सकाळी गल्ली वेढायची, मग तुकड्या घराघरांत शिरणार. बूट घालून स्वयंपाकघरात, देवघरात, माजघरात. आजारी माणूस लपवला आहे का हे पाहण्यासाठी कोठ्या, पेट्या, माळे उघडायचे. प्लेगची गाठ काखेत किंवा जांघेत येते, म्हणजे तपासायचे तर कपडे उतरवणे आले, आणि तपासणारा परका शिपाई. बायकांना रस्त्यावर उघडे करून तपासल्याच्या तक्रारी वारंवार झाल्या. सरकारने त्या नाकारल्या. रोगी सापडला तर त्याची रवानगी इस्पितळात, घरच्यांची विलगीकरण छावणीत, अंथरूण-पांघरूण जाळायचे, जमीन उकरायची, भिंतींना चुना. मागे उघड्या पडलेल्या घरातून वस्तू गेल्याच्या तक्रारीही झाल्याच.

त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप केला. परत आल्यावर पुरावा उभा करता येईना, पत्र लिहिणारे पुढे येईनात. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. त्यांनी सांगितले ते घडलेच नाही, असा याचा अर्थ नाही. शहरात त्या क्षणी साक्ष द्यायला उभे राहणे किती अवघड होते, ते यावरून कळते.

पण साथ थांबवायची तर हे करावेच लागले असते ना?

२०२० नंतर हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो प्रामाणिक आहे. तोंडाला पट्टी बांधून, घरात बसून काढलेले ते महिने लोकांच्या डोक्यात असतात. तोच १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला.

उत्तर द्यायचे तर त्या वेळी काय माहीत होते ते पाहावे लागते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये दाखवले, आणि ते सर्वांना पटायला आणखी बरीच वर्षे गेली. म्हणजे रँडची सारी मोहीम माणसाचा पाठलाग करत होती आणि रोग उंदीर-पिसवांबरोबर फिरत होता. हाफकिनने मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतली होती, पण पुण्यात त्या वसंतात भर राहिला तो झडतीवर.

मेपर्यंत साथ ओसरली हे खरे. त्याचे श्रेय समितीने स्वतःकडे घेतले. उन्हाळ्यात प्लेग तसाही मंदावतो. त्याच वर्षी पावसाळ्यानंतर तो पुण्यात परत आला, तेव्हा रँड नव्हता.

रँड खरोखर एवढा दुष्ट होता का?

चित्रपटातला रँड कर्तव्यकठोर आहे, राक्षस नाही, आणि मला ते बरोबर वाटते. पुण्यात येण्याआधी तो साताऱ्याकडे होता. १८९४ मध्ये वाईला मिरवणुकीत वाद्ये वाजवण्याच्या प्रकरणात त्याने प्रतिष्ठित लोकांना तुरुंगात पाठवले होते. त्यामुळे तो येणार म्हटल्यावर पुण्याने आधीच कपाळाला आठी घातली होती. हुकूम म्हणजे हुकूम, अशा वळणाचा अधिकारी. रोग्याला नातेवाईक असतात आणि घराला सोवळेओवळे असते, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हते, किंवा बसवायची गरज त्याला वाटली नाही.

एक छोटी दुरुस्ती: बऱ्याच ठिकाणी त्याचे नाव 'चार्ल्स वॉल्टर' असे उलटे छापलेले आढळते. वॉल्टर चार्ल्स हेच बरोबर.

चापेकर होते तरी कोण? सामान्य घरातली मुले एकदम खुनापर्यंत कशी गेली?

वडील हरिभाऊ कीर्तनकार. मुले साथीला बसत, वडिलांबरोबर गावोगाव हिंडत. दामोदर सर्वांत थोरला, १८६९ चा, मग बाळकृष्ण, मग वासुदेव. दामोदरची मूळ इच्छा सैन्यात जायची होती, तिथे घेतले नाही. मग पोरे जमवून कवायत, कसरत, दांडपट्टा. शिवाजी महाराजांच्या गोष्टी नुसत्या भाटासारख्या गात बसल्याने स्वातंत्र्य मिळत नाही, अशा अर्थाचे श्लोक तो शिवजयंतीच्या उत्सवात म्हणे.

'एकदम' मात्र काही घडले नाही. रँडच्या आधी मुंबईत राणीच्या पुतळ्याला डांबर फासून खेटरांची माळ घालण्याचे काम याच भावांचे होते.

आता अवघड भाग. हे सगळे आपल्याला कळते ते मुख्यतः दामोदरने तुरुंगात बसून लिहिलेल्या आत्मवृत्तातून, आणि त्यात तो इंग्रजांवर जितका चिडलेला दिसतो तितकाच सुधारकांवर. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, शिवाशिव सोडणारे लोक, यांच्याबद्दल त्याने जे लिहिले आहे ते आज मोठ्याने वाचवत नाही. सुधारकांवर हात टाकल्याचेही तो अभिमानाने सांगतो. त्याच्या लेखी रँडचा मोठा गुन्हा धर्म बाटवणे हा होता. पारतंत्र्य त्याच्या पाठोपाठ येते.

पुतळ्यावर हार घालताना हे कोणी सांगत नाही. आणि फक्त हेच सांगून त्यांना बाद करणारेही अर्धेच सांगतात. चित्रपट मला आवडतो तो याचमुळे: ही मुले जशी होती तशी, शेंडी-सोवळ्यासकट, त्यांच्या तापटपणासकट समोर बसवतो. पाहणाऱ्याची थोडी अडचण होते, ती होऊ देतो.

खून नेमका कसा झाला? 'गोंद्या आला रे' हे खरे आहे का?

खरे आहे, ती खुणेची हाक होती. त्याच नावाची एक वेब मालिकाही २०१९ मध्ये येऊन गेली, त्यामुळे नव्या प्रेक्षकांना चित्रपटाआधी हाकच माहीत असते.

भावांनी पिस्तुलांबरोबर तलवार आणि कुऱ्हाडही नेली होती, पण ओझे नको म्हणून ती वाटेतल्या मोरीखाली लपवून ठेवली. मध्यरात्रीच्या सुमारास मेजवानी संपून बग्ग्या एकामागोमाग निघाल्या. रँडची बग्गी आली तशी दामोदर मागे धावला, हाक दिली, मागून बग्गीवर चढून पडदा बाजूला करून गोळी झाडली. मागच्या बग्गीत लेफ्टनंट आयर्स्ट होता, त्याच्यावर बाळकृष्णाने गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला. रँड ससून इस्पितळात अकरा दिवस झुंजून ३ जुलैला मेला.

बग्ग्या सारख्याच, अंधार, पाऊसपाण्याचे दिवस, दोघा भावांत अंतर. ठरवलेला माणूस एक, मेले दोघे. आयर्स्टचा झडत्यांशी चापेकरांच्या दृष्टीने काही हिशेब नव्हता.

झडत्या मेमध्येच थांबल्या होत्या, मग जूनमध्ये मारून उपयोग काय?

चांगला प्रश्न, आणि तो फार थोडे जण विचारतात. अत्याचार थांबवणे हा हेतू असता तर उशीर झाला होता. हा सूड होता, आणि साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या सणाच्या दिवशी घेतलेला सूड. लोकांना कळावा म्हणून घेतलेला. दिवसाची निवड पाहिली की चापेकरांना वर्तमानपत्रांची, आजच्या भाषेत बातमीची, चांगली जाण होती असे वाटते.

टिळकांचा हात होता का?

सरकारला तसे वाटत होते, सिद्ध मात्र काही झाले नाही. पुण्यात आजही दर दुसऱ्या घरी एक वेगळी कहाणी ऐकायला मिळते. त्या कहाण्या मी इथे वाढवत नाही.

जे नक्की आहे ते असे. प्लेगमध्ये बरेच पुढारी शहर सोडून गेले, टिळक राहिले. त्यांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभे करायला मदत केली, 'केसरी'त झडत्यांवर टीका केली आणि लोकांना धीरही दिला. खुनानंतर ६ जुलैला 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख आला. बहुतेकांची समजूत अशी की त्याच लेखासाठी त्यांना शिक्षा झाली. तसे नाही. राजद्रोहाचा खटला झाला तो १५ जूनच्या अंकातल्या मजकुरावर, म्हणजे खुनाच्या आठवडाभर आधी छापलेल्या: शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता आणि शिवोत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त. ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली.

पुण्याच्या नातू बंधूंना तर खटलाही न चालवता स्थानबद्ध केले गेले, त्यासाठी १८२७ चा एक जुना नियम बाहेर काढला. शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्च शहराच्याच माथी मारला.

द्रविड बंधूंनी पैशासाठी फितुरी केली का?

सरकारने २०,००० रुपयांचे बक्षीस लावले होते. त्या काळी ही रक्कम डोळे फिरवणारी होती. गणेश शंकर द्रविड हा चापेकरांच्या ओळखीतला, स्वतः एका गुन्ह्यात तुरुंगात होता. तपास करणाऱ्या ब्रुइन नावाच्या अधिकाऱ्यापर्यंत नावे पोचली ती त्याच्याकडून. ऑक्टोबरमध्ये दामोदर मुंबईत पकडला गेला. १८ एप्रिल १८९८ ला येरवड्याला त्याला फाशी दिली. टिळकही त्या वेळी येरवड्यातच होते, आणि दामोदर फासावर गेला तेव्हा त्यांनी दिलेली गीता त्याच्या हातात होती असे सांगितले जाते.

यानंतर जे घडले ते चित्रपटाच्या उत्तरार्धातले सर्वांत सुन्न करणारे आहे. बाळकृष्ण पळाला, निजामाच्या मुलखात लपला, पुढे सापडला. धाकटा वासुदेव आणि त्याचा मित्र महादेव रानडे यांनी ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री वेष बदलून द्रविडांच्या घरी जाऊन सांगितले, साहेबांनी चौकीवर बोलावले आहे. दोघे द्रविड बंधू बाहेर पडले आणि सदाशिव पेठेत गोळ्या खाऊन कोसळले. मग पोरांनी रामा पांडू नावाच्या पोलिसावरही गोळी झाडायचा प्रयत्न केला आणि पकडले गेले. वासुदेवला ८ मे, रानड्यांना १० मे, बाळकृष्णाला १२ मे १८९९ ला फाशी झाली. एक दिवसाआड. त्यांचा साथीदार खंडो विष्णू साठे हा वयाने लहान म्हणून दहा वर्षांच्या शिक्षेवर सुटला.

एका घरातले तीन मुलगे तेरा महिन्यांत गेले. पडद्यावर मी प्रत्येक वेळी घरातल्या बायकांकडे पाहत बसतो. त्यांनी काय ठरवले होते? त्यांना कोणी विचारले होते?

चित्रपट संथ वाटतो. तो तसाच आहे का?

तसाच आहे. घोषणा नाहीत, गर्जना करणारे पार्श्वसंगीत नाही, संगीत आनंद मोडकांचे आहे आणि ते जपून येते. ज्यांना देशभक्तीपर चित्रपटात टाळ्यांची जागा लागते त्यांनी आधीच ठरवून बसावे. मुलांना दाखवणार असाल तर दहावीच्या पुढच्यांना दाखवा, आणि प्लेगची पार्श्वभूमी पाच मिनिटे आधी सांगा. त्याशिवाय पहिली पंधरा-वीस मिनिटे त्यांना कळत नाहीत.

यातल्या जागा आज पाहता येतात का?

गव्हर्नरचा तो बंगला म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. मनोरा असलेली, प्रवेशासाठी रांगा लावताना सगळ्यांनी पाहिलेली. याच प्लेगमध्ये, १० मार्च १८९७ ला, रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई गेल्या. हडपसरकडे त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी चालवलेल्या दवाखान्यात त्या रोगी आणून पोचवत होत्या. म्हणजे त्यांचा मृत्यू झडत्या सुरू होत होत्या त्याच आठवड्यातला. चित्रपटाच्या कथेत ही बाजू येत नाही. चापेकरांच्या वर्तुळातून ती दिसलीही नसती.

गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांचे स्मारक आहे, वाहतुकीत ते शोधावे लागते. चिंचवडला चापेकर चौकात पुतळे आहेत आणि गावात त्यांचा वाडा जतन केलेला आहे. वाडा पाहायला सकाळी जा. चिंचोळ्या जिन्यावर पाय टाकला की पटवर्धनांनी कॅमेरा तिथे का ठेवला असेल ते आपोआप समजते.